शस्त्र विकणाऱ्याची जबाबदारी

अमेरिकेतील टेक्सास संस्थानात मिडलँड व ओडेसा ही दोन शहरे एकमेकांस लागून वसलेली आहेत. ता. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एका इसमाने गाडीतून फिरत या शहरांच्या रस्त्यांवर गोळीबार केला व सात निरपराध माणसांचे प्राण घेतले. अशा वार्ता त्या देशाकडून इतक्या वारंवार येतात की, वाचणाऱ्याचे मन बधिर व्हावे. परंतु या प्रकरणातील एक गोष्ट विचारी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच इसमाने २०१४ साली परवानेदार दुकानातून बंदूक घेण्याचा यत्न केला होता. त्यावेळी कायद्याप्रमाणे चौकशी झाली, तो अपात्र ठरला, व त्यास रिकाम्या हाती परत जावे लागले. येथवर कायद्याने आपले काम चोख बजावले. पुढे त्याने एका खाजगी माणसास गाठले, पैसे मोजले आणि रायफल घरी नेली. त्या विकणाऱ्यास परवान्यावाचून शस्त्रांचा धंदा केल्याबद्दल २०२१ साली दोन वर्षांची शिक्षा झाली. पण खाजगी विक्री चौकशीवाचून करणे हा त्या संस्थानात स्वतंत्र गुन्हा नव्हता. पुढच्या दारास कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी ही व्यवस्था आहे.

हे मागचे दार कसे राहिले, हे समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांचा खून टपालाने मागविलेल्या रायफलीने झाला. १९६८ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी हे दोघे गोळीस बळी पडले, तेव्हा कोठे त्या वर्षी मध्यवर्ती सरकारने शस्त्रविक्रीचा व्यापक कायदा केला. धंदा करणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला, आणि गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांसारख्या काही वर्गांस शस्त्र बाळगण्याची मनाई झाली. परंतु ग्राहक खरे बोलतो की खोटे, हे पडताळण्याची सोय त्यात नव्हती. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी यांच्या मस्तकात गोळी शिरून ते जन्माचे पंगू झाले. त्यांनी व त्यांच्या पत्नीने चिकाटीने चळवळ केली, आणि बारा वर्षांनी, १९९३ साली, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा मंजूर झाला. १९९८ च्या नोव्हेंबरपासून दुकानदाराने विचारणा करताच ग्राहकाचे पूर्ववृत्त तपासण्याची देशव्यापी यंत्रणा चालू झाली.

मात्र ही तपासणी परवानेदार दुकानदारापुरतीच राहिली. जो धंदा म्हणून शस्त्रे विकत नाही, त्या खाजगी मालकास मध्यवर्ती कायदा तपासणीस भाग पाडीत नाही. ग्राहक अपात्र आहे असे ठाऊक असता, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असता, त्यास शस्त्र विकू नये, एवढेच बंधन त्याच्यावर आहे. याचा व्यवहारातील अर्थ उघड आहे. ज्याने विचारले नाही त्यास ठाऊक नाही, आणि ज्यास ठाऊक नाही तो निर्दोष! जो कायदा अज्ञानास असे बक्षीस देतो, तो लोकांस डोळे मिटून घेण्यास शिकवितो. शिवाय एखाद्या सज्जन मालकाने स्वतः होऊन चौकशी करावी म्हटले, तर ती यंत्रणा परवानेदारावाचून इतरांस थेट खुली नाही.

१९९९ साली कोलोरॅडो संस्थानातील कोलंबाइन येथील विद्यालयात दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्यांच्या चार शस्त्रांपैकी तीन एका परिचित तरुणीने बंदुकांच्या बाजारात खाजगी विक्रेत्यांकडून विकत घेऊन दिली होती. त्या संस्थानातील मतदारांनी दुसऱ्याच वर्षी प्रत्यक्ष मतदानाने अशा बाजारांतील प्रत्येक विक्रीस चौकशी सक्तीची केली. २०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकट संस्थानात वीस बालके व सहा शाळासेवक मारले गेले. त्यानंतर बाजारांतील व जाहिरातींद्वारे होणाऱ्या खाजगी विक्रीस चौकशी लावण्याची सूचना २०१३ च्या एप्रिलात मध्यवर्ती वरिष्ठ सभेपुढे आली. अनुकूल मते ५४ व प्रतिकूल ४६ पडली. परंतु सभेच्या रिवाजाप्रमाणे ६० मते हवी होती, म्हणून बहुमत असूनही सूचना पडली. त्याआधी १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिलेला होता की, मध्यवर्ती सरकारास संस्थानांच्या अंमलदारांकडून अशी तपासणी सक्तीने करवून घेता येणार नाही. तेव्हा मध्यवर्ती सभा अडलेली असता ज्या संस्थानास हे दार बंद करावयाचे असेल, त्याने ते स्वतःच्या कायद्याने बंद करावे, हाच मार्ग उरला.

तो मार्ग काही संस्थानांनी धैर्याने चोखाळला आहे. कॅलिफोर्नियात १९९१ पासून दोन खाजगी माणसांमधील विक्रीदेखील परवानेदार दुकानदाराच्या मध्यस्थीनेच होते. शस्त्र त्याच्या हवाली करावयाचे, त्याने चौकशी करावयाची, आणि ठरलेली मुदत संपल्यावर ते नव्या मालकास द्यावयाचे, अशी ही रीत आहे. कोलोरॅडोने २०१३ साली सर्व खाजगी विक्रीस चौकशी लागू केली. वॉशिंग्टन संस्थानात २०१४ साली मतदारांनीच तसा कायदा मंजूर केला. पुढे ओरेगॉनने २०१५ साली, व्हर्मॉन्टने २०१८ साली, न्यू मेक्सिकोने २०१९ साली आणि व्हर्जिनियाने २०२० साली याच वाटेने पाऊल टाकले. हे सुखासुखी झालेले नाही. कोलोरॅडोत कायदा झाल्यावर काही महिन्यांतच वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांसह दोन सभासदांस मतदारांनी परत बोलाविले व त्यांच्या जागा गेल्या. कायदा मात्र टिकला. आपली जागा गमावून लोकहिताचा कायदा मागे ठेवून जाणारे प्रतिनिधी कोणत्याही देशास भूषणच होत.

नेवाडा संस्थानाची हकीकत याहून बोधप्रद आहे. तेथे २०१६ साली असाच कायदा दहा हजारांहून कमी मताधिक्याने मंजूर झाला. परंतु चौकशीचे काम मध्यवर्ती खात्याने करावे असे त्यात लिहिले होते, आणि त्या खात्याने ते करण्याचे नाकारले. परिणामी लोकांनी मंजूर केलेला कायदा कागदावरच पडून राहिला. २०१९ साली विधिमंडळाने दुरुस्त कायदा केला, व २०२० च्या आरंभापासून त्याचा अंमल सुरू झाला. काम कोणी करावयाचे, हे नीट ठरविले नाही म्हणजे उत्तम हेतूचा कायदाही कसा पांगळा होतो, याचे हे उदाहरण आमच्याकडील कायदेकारांनीही पाठ करून ठेवावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, चोर व खुनी काही परवाना विचारून शस्त्र घेत नाहीत. जाच होतो तो सज्जनांस. हे वरवर खरे दिसते. परंतु चोरट्या बाजारातील बंदूकही सामान्यतः कारखान्यातून राजरोस बाहेर पडलेली असते, आणि कोठल्या तरी एका हस्तांतरात ती कायद्याच्या हातून निसटते. ती निसटण्याची जागा अरुंद करणे हेच या कायद्याचे काम. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, मागील दोन वर्षांत बंदूक मिळविलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांनी ती चौकशीवाचून मिळविली. खाजगी खरेदीपुरते पाहिले तर, बंधन नसलेल्या संस्थानांत चौकशीवाचून झालेले व्यवहार ५७ टक्के होते, आणि बंधन असलेल्या संस्थानांत २६ टक्के. म्हणजे कायद्याने गळती पुरती थांबत नाही, पण ती निम्म्याहून कमी असलेली दिसते.

दुसरा आक्षेप परिणामाचा आहे, व त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या १९९१ च्या कायद्यानंतरच्या दहा वर्षांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांस खून व आत्महत्या यांच्या प्रमाणात त्या कायद्यामुळे झालेली घट दिसून आली नाही. उलट मिसूरी संस्थानात पिस्तूल घेण्यापूर्वी परवाना काढण्याचा १९२१ पासूनचा नियम २००७ साली रद्द झाला, त्यानंतर तेथे बंदुकीने होणारे खून वाढले, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले आहे. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. विक्रीच्या क्षणी केलेली चौकशी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. खरेदीदाराने आधी परवाना काढावा आणि विकणाऱ्याने तो पाहावा, अशी दुहेरी गाठ मारली तरच ती घट्ट बसते. २०२२ या एका वर्षात त्या देशात बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली, व त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. उद्वेगाच्या घटकेस शस्त्र चटकन हाती न येणे, एवढ्यानेही काही जीव वाचण्याजोगे आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नोंद झाली की सरकारास मालक कळतो, आणि आज नोंद करणारे सरकार उद्या शस्त्रे हिरावून घेईल, ही भीती अमेरिकेत खोल रुजलेली आहे. तेथील राज्यघटनेत १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, व १९८६ च्या कायद्याने मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास मनाई केली आहे. या भीतीस आम्ही हसणार नाही. आमच्याच देशात १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत जो हत्यारांचा कायदा झाला, त्याने हिंदी माणसास परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यास सूट दिली. असा कायदा शांततेचे नाव सांगतो, पण काम दडपणुकीचे करतो. परंतु यातून निघणारा धडा असा की, कायदा सर्वांस सारखा असावा, नकाराची कारणे कायद्यातच स्पष्ट लिहिलेली असावीत, व नकारावर दाद मागण्याची सोय असावी. कायदाच नसावा, असा धडा त्यातून निघत नाही.

स्वतंत्र हिंदुस्थानने १९५९ साली तो जुना कायदा बदलला. आज आपल्याकडे परवानेदार मालकास आपली बंदूक खाजगीरीत्या विकावयाची झाल्यास जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचे अधिकारी यांस आधी लेखी कळवावे लागते, व त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. घेणाराही परवानेदारच हवा. आमच्याकडील दुखणे निराळे आहे. गावठी कट्टे चोरून बनविले व विकले जातात, व तेथे कागदाचा कायदा पोलिसांच्या दक्षतेवाचून लुळा पडतो. तरीही विकणाऱ्याने आधी कळविले पाहिजे, हे तत्त्व येथे कोणास जुलूम वाटत नाही.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, व हा प्रश्न त्यांस लवकर उमगेल. घर विकले तर दस्त नोंदवावा लागतो. मोटार विकली तर दप्तरी नाव बदलावे लागते. एवढ्याने आमची मालमत्ता सरकारजमा झाली, असे कोणी म्हणत नाही. शिवाय जो दुकानदार परवाना काढतो, वह्या ठेवतो, तपासनिसास तोंड देतो, त्याच्या शेजारीच दुसऱ्याने तोच माल विनाचौकशी विकावा, हा सचोटीच्या धंद्यावर उघड अन्याय आहे. जवळच्या नातलगास दिलेली भेट, जुनी संग्राह्य शस्त्रे, जिवावर बेतले असता तात्पुरते दिलेले हत्यार, इतक्यांस वॉशिंग्टन संस्थानाच्या कायद्याने सूट दिली आहे, ती योग्यच आहे. दूरच्या खेड्यांतील लोकांस दुकानदार जवळ नसतो ही अडचणही खरी. ती फी माफक ठेवून व पोलीस ठाण्यात सोय करून दूर करता येईल.

महाराष्ट्रातील कितीतरी घरांची मुले आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी त्या देशात राहत आहेत, तेव्हा हा वाद आम्हांस परका नाही. ज्या वस्तूने एका क्षणात मनुष्य मरतो, ती दुसऱ्याच्या हाती देताना तो कोण आहे हे पाहणे, ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. ती परवानेदार दुकानदारावर टाकून इतरांस मोकळे सोडणे न्यायाचे नाही व शहाणपणाचेही नाही. ज्या संस्थानांनी हे ओळखले त्यांचे आम्ही अभिनंदन करितो, आणि उरलेल्यांनी पुढच्या हत्याकांडाची वाट न पाहता हे मागचे दार बंद करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.