अपयशाचे भय आणि चार बले

नवे कार्य हाती घेताना मन कचरते. या कचरण्याला आपण ‘अपयशाची भीती’ असे एकच नाव देतो. परंतु तिच्या पोटात अनेक भये असतात. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातातील बल सुत्तात तथागतांनी पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे, अपकीर्तीचे, सभेत बुजण्याचे, मरणाचे आणि दुर्गतीचे. काम फसले तर पोट कसे भरेल, लोक काय म्हणतील, चारचौघांत तोंड कसे दाखवावे, ही आपली नित्याची भीती पहिल्या तिहींत तंतोतंत ओळखू येते.

त्याच सुत्तात उपायही आहे. प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल आणि संग्रहबल ज्याच्यापाशी आहे, तो या भयांच्या पलीकडे जातो. याचा अर्थ असा की, धैर्य कमावता येते.

हे कसे घडते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिक्षण दिले. नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेणे आणि पुढे जंतुसंसर्ग झालेल्या बाळास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे त्यांचे काम. बाळ दगावले तर दोष आपल्या माथी येणार आणि राहावयाचे त्याच गावात! हे भय खोटे नव्हते. परंतु काही न केल्यानेही बाळे मरतच होती. जन्मलेल्या दर हजारांत ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात. न करण्यातही धोका असतो. त्याचा जाब मात्र कोणी विचारीत नाही, म्हणून तो दिसत नाही.

येथे चारही बले कामी आली. लक्षणे ओळखण्याचे ज्ञान ही प्रज्ञा. घरोघरी पुनःपुन्हा जाणे हे वीर्य. पालकांची संमती घेणे, प्रत्येक नोंद ठेवणे व ती तपासू देणे हे अनवद्य, म्हणजे निर्दोष कर्म. आणि गाव व संस्था पाठीशी असणे हा संग्रह. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण हजारी सुमारे २५ वर आले. जेथे हा प्रयोग नव्हता, त्या गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

संग्रहबलाची साक्ष शेजारच्या चंद्रपुरातही आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तेथे धम्मदीक्षा दिली. धर्मांतराने अनुसूचित जातींच्या सवलती जाण्याचा धोका होता. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या कायद्याने मिळाल्या. एकट्याला न पेलणारे हे उपजीविकेचे भय समूहाने पेलले.

अविचाराला धैर्य म्हणता येणार नाही. म्हणून धोका पत्करण्यापूर्वी आपण स्वतःस चार प्रश्न विचारावेत : मला या कामाचे ज्ञान आहे काय? सातत्याने कष्ट करण्याची तयारी आहे काय? माझा मार्ग निर्दोष आहे काय? माझ्यासोबत कोण आहे? ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येईल, तेथूनच कामास आरंभ करावा. भय पूर्ण जाण्याची वाट पाहू नये. बल वाढेल तसे ते ओसरते.