सांगलीचे १८ बाइट

'सांगली' हा शब्द कागदावर तीन अक्षरांचा. संगणकाच्या लेखी मात्र ती सहा चिन्हं आहेत: स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेतं, म्हणजे सांगलीचे झाले १८ बाइट. साताऱ्याचा हिशोबही तोच, 'सातारा'चे १८. हीच नावं रोमन लिपीत लिहिली, तर सहा-सहा बाइटांत काम भागतं.

घरबसल्या वेब डिझाइन शिकायला घेतलेल्या मुला-मुलींना हा हिशोब सहसा कुणी सांगत नाही. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी मजकुरावर बेतलेले असतात आणि इंग्रजी मजकूर पडद्यावर निमूटपणे उमटतो. मराठी मजकूर तसा उमटत नाही. तो अडतो, तुटतो, वेगळाच दिसतो आणि त्या अडण्यातून वेब आतून कसं चालतं ते कळत जातं. म्हणूनच नवशिक्यानं पहिलं पान मराठीत करावं, आपल्याच जिल्ह्याबद्दल करावं.

समजा, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्यासाठी पान करायचं आहे. नोटपॅड उघडलं, एचटीएमएलच्या पाच-सहा ओळी लिहिल्या, घरच्या संगणकावर सगळं नीट दिसलं. पान सर्व्हरवर चढवलं आणि शीर्षकाच्या जागी भलतंच काही आलं: दर तिसऱ्या जागी माथ्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मध्ये मध्ये अनोळखी खुणा आणि 'सांगली'च्या शेवटी चक्क जपानी येन व युरो यांची चिन्हं. यामागचं कारण सरळ आहे. हे बाइट यूटीएफ-८ चे आहेत, असं पानानं ब्राउझरला सांगितलेलंच नव्हतं. मग ब्राउझरनं पश्चिम युरोपीय भाषांचा जुना तक्ता धरला आणि एकेक बाइट सुटा वाचला. वेलांटीचे तीन बाइट त्या तक्त्यात अनुक्रमे तो तिरक्या रेघेचा 'ए', येन आणि युरो असे येतात. पानाच्या डोक्याशी 'मेटा कॅरसेट'ची एक ओळ लिहिली की सांगली जागेवर येते. ही ओळ सगळेच जण नकलून घेतात. ती कशासाठी असते, हे मात्र असा घोटाळा एकदा समोर आल्यावरच उमगतं.

डीटीपीच्या कामातून वेबकडे वळणाऱ्यांना याच प्रश्नाचं आणखी एक रूप भेटतं. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर आत वेगळ्याच संकेतांनी साठवलेला असतो, देवनागरी वळण फक्त फाँट चढवतो. लग्नपत्रिकेसाठी तेवढं पुरतं, कारण शेवटी कागदच हाती येतो. वेबपानावर तो मजकूर चिकटवला, की वाचणाऱ्याकडे तो फाँट नसल्यानं उरतो कचरा. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर वाचकाला आधी फाँट उतरवून घ्यावा लागे, तो याचमुळे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते, पण ते रोजच्या वापरात रुळायला बराच काळ गेला. साताऱ्यातल्या वाई इथं तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली छापून आला. आज त्यातली नोंद फोनवर शोधून कुणालाही फुकट वाचता येते, त्यामागे हे क्रमांकच आहेत.

साताऱ्याचा धडा वेगळा आहे. 'साताऱ्याचे कंदी पेढे' हे शीर्षक घाईत टाइप केलं, की 'सातार्याचे' असं उमटू शकतं. 'र'चा पाय मोडून पुढे 'य' जोडला की संगणक नियमानं रफार देतो. मराठीला हवी असते 'य'च्या अलीकडची आडवी, वळणदार रेघ. त्यासाठी युनिकोडमध्ये खालती टिंब असलेला 'ऱ' निराळा आहे आणि त्याचा पाय मोडला की हवी ती रेघ मिळते. साधा 'र' वापरून, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही तीच रेघ काढता येते. दोन्ही शब्द दिसायला अगदी सारखे, आत मात्र वेगळे, त्यामुळे पानावर एक शोधताना दुसरा निसटू शकतो. ही बारीकसारीक बाब समजून सोडून देऊ नये. सह्याद्रीच्या दऱ्या लिहायला जावं आणि पानावर दर्या अवतरावा, ही चूक मराठी वाचकाच्या डोळ्याला लगेच खुपते.

मग येतो 'ल'. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेबाबत निर्णय काढून मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले. ज्या फाँटांत मराठी वळणं स्वतंत्रपणे दिलेली असतात, त्यांना 'हे पान मराठी आहे' असं सांगावं लागतं. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिली की 'सांगली'तला 'ल' मराठी वळणाचा होतो. तयार साचा उचलला तर तिथे बहुधा इंग्रजीचा संकेत राहून गेलेला असतो. अंध वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या संकेतावरून आवाज निवडतं, तेव्हा ही दोन अक्षरं केवळ सौंदर्यापुरती नाहीत.

अक्षरांच्या बाबतीत आजच्या नवशिक्याची चैन आहे. विंडोजसोबत येणारा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फाँट तर गूगल फाँट्सवर मोफत मिळतात. मात्र इंग्रजी धड्यातली मापं जशीच्या तशी उचलू नयेत. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ओळींमधलं अंतर अक्षराच्या सव्वापटीवर ठेवलं तर वरचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. ते दीड-पावणेदोन पट ठेवलं की ओळी मोकळ्या होतात. इंग्रजी शीर्षकांत अक्षरं विरळ करण्याची फॅशन आहे. ती मराठीला लावली की शिरोरेषा जागोजागी तुटते.

रंगांचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हळद व्यापाऱ्याच्या पानावर पिवळा रंग येणारच. पण वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार साधा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर काळ्याचा फरक २१ ला १ भरतो. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचा जेमतेम १.०७ ला १. पिवळा मागे ठेवावा आणि अक्षरं काळी.

हे सगळं शिकायला क्लासची फी लागतेच असं नाही. सर्न या युरोपीय संस्थेनं ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं आणि कोणत्याही पानाचा एचटीएमएल आजही ब्राउझरमध्ये उघडून पाहता येतो. मोझिलाचं एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प विनामूल्य आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत. केलेलं पान गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं.

सरावाला विषय हवा असेल, तर सांगलीत आयर्विन पूल आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पातळी दाखवणारं एक साधं पान करावं: वर ठळक आकडा, त्याखाली वेळ, मग मागच्या नोंदींचा तक्ता. लाल रंग द्यावा, पण सोबत 'धोका' हा शब्दही लिहावा, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही. फोनच्या पडद्यासाठी 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ न विसरता घालावी. ती नसेल तर फोन पान रुंद समजून आक्रसतो आणि पातळीचा आकडा मुंगीएवढा दिसतो.

मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करून ते पान उघडावं. पुराच्या दिवसांत वीज गेलेली, नेटवर्क एक-दोन काड्यांचं असतं. फोनमधून थेट काढलेले चार-पाच एमबीचे फोटो त्या पानावर असतील, तर आकडा दिसायच्या आत वाचणारा कंटाळून निघून जाईल. ते काढून टाकले की उरलेलं पान काही केबींत बसतं, मराठी चिन्हांचे तिप्पट बाइट धरूनही. इतकं जमलं की जावास्क्रिप्ट शिकायला घ्यावी. पातळीचा आकडा दर वेळी हातानं न बदलता आपोआप कसा यायचा, हा तिच्यासाठी चांगला पहिला प्रश्न आहे.