हवेला वळण लावताना

स्वयंपाकघरातल्या नळाची बारीक धार सोडा. एक चमचा दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला हळूच टेकवा. पाणी चमच्याला बाजूला ढकलेल असं वाटतं, पण होतं उलटंच. चमचा धारेत ओढला जातो आणि पाणी त्याच्या पाठीला धरून वळतं. आता चमच्याच्या जागी सुरीचं पातं आडवं धरा. धार तिथं वळत नाही. कडेवरून सुटते आणि विस्कटते.

मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड उतरवून घरच्या घरी त्याचे पोर्ट घासायला बसणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग आधी करून बघावा, असं मला कळकळीनं वाटतं. मी तो फार उशिरा केला.

हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं ओतीव झाकण. जुन्या बुलेट 350 मध्ये ते ॲल्युमिनियमचं असतं. त्यात दोन व्हॉल्व्ह आणि त्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारे दोन वाकडे बोगदे असतात. एकातून (इनटेक) कार्बोरेटरकडून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून (एक्झॉस्ट) जळलेला वायू सायलेन्सरकडे जातो. हे बोगदे म्हणजेच पोर्ट. ओतकामात त्यांच्या भिंतींवर खरखर राहते, कुठं साच्याच्या जोडाची रेघ राहते, आणि जिथं ओतीव भाग संपून व्हॉल्व्हच्या सीटचं कटिंग सुरू होतं तिथं एक कंगोरा उरतो. (सीट म्हणजे मिटलेला व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी.) हजारो हेडं काढायची तर एकेका पोर्टवर हात फिरवत बसणं कारखान्याला परवडत नाही. ते राहून गेलेलं काम हातानं पुरं करायचं, याला गॅरेजच्या बोलीत पोर्ट-पॉलिश म्हणतात. (यामाहा आरएक्स 100 वाले ‘पोर्टिंग’ म्हणतात ते वेगळं. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट सिलिंडरच्या भिंतीतच असतात आणि तिथं त्यांची उंची बदलली की उघडण्या-मिटण्याची वेळच बदलते. इथं आपण फोर-स्ट्रोकबद्दलच बोलू.)

एवढासा बोगदा आणि त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हे कळायला थोडा हिशोब करावा लागतो. या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची चाल 90 मिलिमीटर. त्यातून येतात 346 सीसी. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचे फक्त 6 हजारांश लागतात. तेवढ्यात पाव लिटरहून जास्त हवा आत यायची. असे श्वास सेकंदाला जवळजवळ 42. मिनिटाचा हिशोब केला तर 865 लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. म्हणजे शंभराहून जास्त माणसं भरलेल्या सभागृहाचा श्वास त्या एका नळीतून चालला आहे.

आता वेग काढू. 5000 फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर. इनटेक पोर्टचा व्यास 25 मिलिमीटर धरला, तर सिलिंडरचं क्षेत्रफळ त्याच्या पावणेआठ पट भरतं. म्हणून पोर्टमधली हवा पिस्टनच्या पावणेआठ पट वेगानं धावते: सेकंदाला सुमारे 117 मीटर, म्हणजे ताशी 420 किलोमीटर. हीसुद्धा सरासरीच. पिस्टन मधल्या टप्प्यात असतो तेव्हा वेग याहून बराच वर जातो. हवेला वजन नसतं असं आपण बोलण्यात सहज म्हणतो, पण या वेगाला हवा जड होते. तिला एवढा वेग द्यायला वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ बारावा हिस्सा खर्ची पडतो. तो खर्च पुढं वसूल व्हायचा असेल, तर हवा भिंतीला धरून नीट वळली पाहिजे आणि व्हॉल्व्हच्या मागं सावकाश पसरली पाहिजे. वाटेत ती भिंतीपासून सुटली तर तिचे भोवरे होतात, आणि भोवऱ्यात गेलेली ताकद परत मिळत नाही.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं तेव्हा मी वडिलांच्या बुलेटचं हेड उतरवलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. मोठा पोर्ट म्हणजे जास्त हवा आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, इतका सरळ हिशोब डोक्यात होता. भाड्याच्या ग्राइंडरनं आठवडाभर घासून पोर्ट तीनेक मिलिमीटरनं रुंद केला. ग्राइंडर जिथं सहज पोचत होता तिथं, म्हणजे पोर्टच्या तळाला, सगळ्यांत जास्त घासलं. मग पॉलिश पेपर, मग कापडी चाक. शेवटी पोर्ट आरशासारखा चकाकत होता आणि त्यात मला स्वतःचं बोट दिसत होतं. आई-वडिलांना बोलावून दाखवला.

गाडी सुरू झाली, सपाटीला बरी चालली आणि खंबाटकी घाटात तिनं मान टाकली. जिथं ती तिसऱ्या गिअरवर सहज चढायची तिथं दुसरा टाकावा लागला. वडील मागं बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

चूक कुठं झाली? व्यास 25 वरून 28 झाला की क्षेत्रफळ चौथ्या हिश्शानं वाढतं. घाटात इंजिन 2000 फेऱ्यांच्या आसपास चालतं. आधी तेव्हा हवेचा सरासरी वेग सेकंदाला 47 मीटर होता, तो आता 37 वर आला. वेग कमी झाला की दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे हवेची धाव. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. पोर्टमधली हवा धावण्याच्या भरात आणखी थोडी आत घुसते आणि सिलिंडर जास्त भरतो. वेग नसेल तर हा फायदा जातो, उलट पिस्टन आलेलीच हवा परत बाहेर ढकलतो. दुसरी गोष्ट पेट्रोलची. कार्बोरेटरमधून निघालेले थेंब वेगवान हवेबरोबर तरंगत जातात. हवा मंदावली की ते भिंतीवर बसतात आणि मिश्रण कधी पातळ, कधी घट्ट होतं.

मोठं तोंड कामाला येतं ते खूप वरच्या फेऱ्यांना, आणि तेही एका मर्यादेपर्यंत. अमेरिकेतल्या एमआयटीचे चार्ल्स फेएट टेलर यांनी ती मर्यादा आकड्यात मांडली. व्हॉल्व्हपाशी होणारा हवेचा सरासरी वेग आणि आवाजाचा वेग यांचं एक गुणोत्तर त्यांनी काढलं. ते 0.6 च्या पुढं गेलं की सिलिंडर भरणं झपाट्यानं कमी होत जातं, मग फेरे कितीही वाढवा. घाट चढणारी बुलेट या मर्यादेच्या आसपासही नसते. मी तिच्या नसलेल्या दुखण्यावर औषध करत होतो.

हवा नेमकी कुठं अडते हे अंदाजानं सांगता येत नाही, मोजावं लागतं, हे इंग्लंडमध्ये फार आधी कुणीतरी ओळखलं होतं. हॅरी वेस्लेक त्याचं नाव, जन्म 1897 चा. त्यानं 1920 च्या दशकात हेडमधून हवा ओढून तिचा प्रवाह मोजणारं यंत्र बनवलं, बेंटलेच्या इंजिनांवर काम केलं, आणि पुढं 1948 मध्ये आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडलाही त्याचा हात लागला. 1967 ची बेल्जियन ग्रां प्री डॅन गर्नीनं जिंकली ती ईगल गाडीत बसवलेल्या वेस्लेकच्या व्ही-12 इंजिनावर. हेडमधली हवा मोजणाऱ्या अशा यंत्राला आज फ्लो बेंच म्हणतात.

मोजायला लागलं की डोळ्यांचा अंदाज किती फसवा असतो ते कळतं. पोर्टचं रुंद तोंड, जिथं कार्बोरेटर बसतो, तिथं फारसं काही मिळत नाही. खरी अडचण सीटच्या आगेमागे, साधारण बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत असते. तिथं हवा वळते, व्हॉल्व्हच्या दांड्याला आणि तो दांडा ज्यात सरकतो त्या गाइडला वळसा घालते, आणि व्हॉल्व्ह व सीट यांच्यामधल्या फटीतून बाहेर फाकते. ही फटही मजेदार आहे. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतका उचलला की फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतकंच होतं. म्हणजे 40 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह 10 मिलिमीटर उचलेपर्यंत फटच अरुंद, पोर्ट कितीही मोठा असो. म्हणून जाणते मेस्त्री आधी सीटकडे बघतात. 45 अंशांच्या मुख्य सीटच्या वर 30 आणि खाली 60 अंशांचं कटिंग केलं की हवेला एका तीक्ष्ण कडेऐवजी तीन सौम्य पायऱ्या मिळतात. हे काम कटरवाल्याकडूनच करून घ्यावं. घरी करायचं ते कंगोरा मोडणं आणि शेवटी ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घुमवणं.

आणि मग चमच्याची जागा. पोर्ट जिथं वाकतो तिथं आतल्या बाजूला, तळाशी, एक आखूड उतार असतो. हवेला सगळ्यांत कठीण वळण इथं घ्यावं लागतं. हा उतार चमच्याच्या पाठीसारखा गोल असेल तर हवा त्याला धरून वळते. सपाट करून पुढं कडक धार ठेवली तर ती सुरीच्या पात्यावरच्या पाण्यासारखी सुटते. मी नेमकी तीच गोलाई घासून टाकली होती.

पॉलिशबद्दलही मला नंतर बरंच मागं यावं लागलं. पोर्ट जेमतेम काही सेंटिमीटर लांब असतो. एवढ्याशा अंतरात भिंतीच्या घर्षणानं होणारं नुकसान वळणातल्या आणि व्हॉल्व्हजवळच्या नुकसानापुढं किरकोळ आहे. इनटेकला तर आरशासारखी चकाकी तोट्याचीही ठरू शकते. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर बसून ओघळतो. थोडी खरखर असली तर तो फुटून परत हवेत मिसळतो. म्हणून तिथं 80 नंबरच्या पॉलिश पेपरावर थांबलेलं चांगलं. एक्झॉस्टची गोष्ट निराळी. तिथं पेट्रोलचा प्रश्न नाही, आणि चकचकीत भिंतीवर काजळी उशिरा धरते. तिथं हवं तर पॉलिश करा. मात्र एक्झॉस्ट पोर्टचं तोंड सायलेन्सरच्या पाइपाएवढं करायच्या फंदात पडू नका. पाइप जरा मोठा आणि पोर्ट जरा लहान अशी पायरी राहिली तर उलट येणारा वायू तिथं अडतो.

हाताच्या कामाचं थोडंसं सांगतो, कारण ते पुस्तकात कमी सापडतं. ॲल्युमिनियम मऊ असतं. बारीक दातांचं बर, म्हणजे ग्राइंडरला लावायचं दातेरी टोक, त्यानं लगेच भरून जातं. मोठ्या दातांचं कार्बाइड बर घ्या आणि मधूनमधून रॉकेलात किंवा मेणात बुडवा. बर कधीच एका जागी टेकवू नका, फिरवत राहा, नाहीतर लाटा उठतात. कडेवर गॅस्केटचा आकार आधी मार्किंग ब्लू लावून कोरून घ्या. दर दोन मिनिटांनी ग्राइंडर बंद करून बोट आत घाला. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाच्या टोकाला लगेच लागतो. सीटला ग्राइंडर घसरून लागला तर सगळं काम पहिल्यापासून, म्हणून एक जुना, टाकाऊ व्हॉल्व्ह सीटवर बसवून ती झाकून ठेवा. गाइडभोवतीचं मांस बारीक करताना हात आखडता घ्या, विशेषतः एक्झॉस्टला. तापलेल्या व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून आणि गाइडमधूनच बाहेर जाते. पाण्यानं थंड होणाऱ्या कारच्या हेडमध्ये पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी असतं, तिथं एक भोक पडलं की हेड गेलं. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि हेड परत चढवण्याआधी रॉकेल, साबणाचं गरम पाणी आणि दाबाची हवा यांनी इतकं धुवा की पांढऱ्या फडक्याला चुरा लागता कामा नये. एवढासा चुरा सिलिंडरवर रेघा ओढतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी आणखी एक: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाला धरून नसलेले बदल करता येत नाहीत. मोठा बदल करायचा असेल तर तो ट्रॅकवरच्या गाडीत करा.

घरचा फ्लो बेंच मी गेल्या वर्षी बनवला. प्लायवुडची खोकी, त्यावर 70 मिलिमीटरची नळी, नळीवर हेड, आणि खाली घरातला व्हॅक्यूम क्लीनर. पाणी भरलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन यू-नळ्या. पहिलीवर हेडमधली ओढ नेहमी सारखी ठेवायची, 250 मिलिमीटर पाण्याएवढी. दुसरी नळी पत्र्यातल्या एका मोजक्या भोकापाशी जोडलेली. हवा जास्त गेली की तिथलं पाणी जास्त चढतं. व्हॉल्व्ह स्क्रूनं एकेक मिलिमीटर उघडायचा आणि वहीत लिहायचं. पहिल्याच दिवशी माळ्यावरून ते कॉलेजातलं हेड काढलं. पोर्ट अजून चकाकत होता. व्हॉल्व्ह निम्मा उघडेपर्यंत आवाज गुळगुळीत होता, त्यापुढं पोर्टमधून फरफर सुरू झाली आणि व्हॉल्व्ह आणखी उघडला तरी पाणी जागचं हललं नाही. तारेला बांधलेला लोकरीचा धागा आत घातला. वरच्या भिंतीजवळ तो ताठ उभा होता, तळाच्या वळणापाशी वेड्यासारखा गोल फिरत होता.

मुलगी शेजारी क्ले खेळत बसली होती. तिच्याकडून सुपारीएवढा निळा गोळा मागून घेतला आणि घासून सपाट केलेल्या तळावर दाबून बसवला, ओल्या बोटानं चमच्याच्या पाठीसारखा गोल केला. पोर्ट आता आधीपेक्षा लहान झाला होता. क्लीनर चालू केला, ओढ 250 वर आणली. दुसऱ्या नळीतलं पाणी दोन बोटं वर चढलं आणि तिथंच राहिलं.

मी नळीकडे बघत होतो. ती म्हणाली, “बाबा, फरफर थांबली.”