नुसत्या मलमाचा गुण

जामनेरात थंडी पडली की माझ्या चार वर्षांच्या भाच्याचं इसब जागं होतं. कोमट पाण्याची आंघोळ झाली की बहीण त्याचं अंग पुसत नाही, टिपते. कातडी ओलसर असतानाच कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे व्हॅसलीन लावते. नखं कापलेली असतात, तरी सकाळी उशीच्या खोळीवर रक्ताचे ठिपके दिसतातच.

दोन हिवाळ्यांत कडुनिंबाचा पाला झाला, खोबरेल झालं, कुणी दिलेलं काळं मलम झालं, मेडिकलमधली ट्यूबही झाली. गंमत म्हणजे गुण प्रत्येकाने दिला! नवं औषध आपण आणतो तेव्हा इसब ऐन भरात असतं. तिथून ते आपसूकही ओसरतं. नाव होतं हातातल्या डबीचं.

हा घोळ प्लासिबो चाचणीत सुटतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी होते. काहींना औषधाचं मलम, काहींना तसंच दिसणारं, पण औषधाविना, म्हणजे प्लासिबो. कुणाकडे कोणतं, हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरला. त्यात इसबाची आणखी एक मेख आहे. औषध नसलेला नुसता बेसही कोरड्या कातडीत ओल धरून ठेवतो, म्हणजे तोही थोडा गुण देतोच. औषधाने त्याच्यापुढे जाऊन दाखवायचं असतं. पोटात घ्यायची औषधंही अशीच तपासतात. इव्हनिंग प्रिमरोझ आणि बोरेज ही तेलं इसबासाठी पोटात देत. २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने त्यांच्या २७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ती प्लासिबोहून सरस ठरली नाहीत.

हे ऐकून बहीण म्हणाली, “म्हणजे कुणाचं तरी लेकरू उगाच खाजवत बसणार?”

प्रश्न खरा आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकीचा जाहीरनामाही तोच विचारतो. सिद्ध उपचार हाताशी असताना प्लासिबो द्यायचा, तर सबळ शास्त्रीय कारण हवं आणि मुलाला गंभीर किंवा कायमची इजा होता कामा नये. म्हणून नीट आखलेल्या चाचणीत व्हॅसलीनसारखं साधं मलम सगळ्यांनाच मिळतं, इसब भडकलं तर राखीव औषध देतात आणि आईबाप मुलाला कधीही बाहेर काढू शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आईवडिलांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो.

भाच्याला कुणी विचारलं नव्हतं. दोन हिवाळे आम्हीही त्याच्यावर प्रयोगच केले की. फक्त त्यात चिठ्ठी नव्हती, नोंदवही नव्हती आणि थांबायचं कधी, हे ठरलेलं नव्हतं.