स्वयंरचित पेप्टाइडे : आशा आणि मर्यादा

शस्त्रक्रियेत अथवा दुर्बिणीद्वारे होणाऱ्या उपचारांत रक्तस्राव थांबविणे नेहमीच सोपे नसते. काही जागी टाका घालता येत नाही. विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करावी, तर लगतच्या नाजूक भागास इजा होण्याचा धोका असतो. अशा प्रसंगी उपयोगी पडणाऱ्या एका जैवपदार्थाची ओळख आमचे दाते, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांना करून द्यावी, या हेतूने आम्ही ही माहिती सादर करीत आहोत.

अमिनो आम्लांच्या लहान साखळीस पेप्टाइड म्हणतात. १९९० साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात १६ अमिनो आम्लांचा असा तुकडा आढळला की, जो क्षारयुक्त पाण्यात आपोआप एकत्र येऊन पातळ पापुद्रा बनवितो. त्याच धर्तीवर ‘राडा-१६’ हे पेप्टाइड रचण्यात आले. त्यात आर्जिनीन, अ‍ॅलानीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल व पुन्हा अ‍ॅलानीन हा क्रम चार वेळा येतो. अ‍ॅलानीनची बाजू पाणी टाळते. दुसऱ्या बाजूवरील धन व ऋण विद्युतभार शेजारच्या साखळ्यांना ओढून धरतात. यातून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे तंतू आणि त्यांची जाळी तयार होते.

मूळ द्रावण आम्लधर्मी असते. रक्ताचा स्पर्श होताच त्याची आम्लता कमी होते, क्षार मिळतात व जखमेवर पारदर्शक जेल बसते. त्याखालील भाग डॉक्टरांना दिसत राहतो. शिवाय हे पेप्टाइड रासायनिक पद्धतीने बनविले जात असल्याने त्यात मानवी वा प्राणिज घटक नसतो. यावर आधारित ‘प्युरास्टॅट’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये पचनमार्गातील सौम्य ते मध्यम रक्तस्रावासाठी परवानगी दिली. मोठ्या धमनीतून उसळणाऱ्या रक्तावर मात्र हा उपाय नव्हे.

त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युअल स्टप यांच्या गटाने वेगळ्या पेप्टाइड-तंतूंचा प्रयोग प्रसिद्ध केला. मज्जारज्जूस इजा झालेले उंदीर एका इंजेक्शननंतर चार आठवड्यांत चालू लागले. हे वाचून अपंगत्व आलेल्या रुग्णाच्या घरी आशा पल्लवित व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु ते इंजेक्शन इजेनंतर एका दिवसाने दिले होते आणि प्रयोग उंदरांवरचा होता. मानवासाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही. म्हणून अशा नावाखाली कोणी खर्चिक इंजेक्शन सुचविल्यास, दागिने वा जमीन गहाण ठेवण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.