बाराबोरी बंदूक आणि हरणाचे मांस

हरणाची शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिक, हत्ती आणि रायफली उभ्या राहतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही थांबली. अमेरिकेतील मक्याच्या मुलखात, विशेषतः इलिनॉय राज्यात, मात्र दर हिवाळ्याच्या तोंडाशी शेतकरी, गवंडी, मास्तर असे साधेसुधे लोक परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे निघतात. तेथेही हरणे एकदा जवळजवळ संपली होती. १९०१ साली शिकार बंद करावी लागली आणि ती पुन्हा सुरू झाली थेट १९५७ मध्ये.

या शिकारीला पिढ्यान्‌पिढ्या रायफल चालत नसे, बंदूकच लागे. कारण उघड आहे. मुलूख सपाट, मधे मधे वस्त्या. रायफलीची चुकलेली गोळी फार दूर जाते. बाराबोरी काडतुसातील अठ्ठावीस-तीस ग्रॅमची शिशाची गोळी जड असते आणि तिचा वेग लवकर ओसरतो. (छऱ्यांचे काडतूस हरणावर चालत नाही, कारण छऱ्यांनी जनावर नुसते जखमी होऊन रानात मरते.) साध्या नळीने पन्नास-साठ मीटर, आतून आटे पाडलेल्या नळीने शंभरेक मीटर, यापलीकडे शहाणा शिकारी घोडा ओढत नाही. २०२३ पासून एका वेळी एकच गोळी भरणाऱ्या काही रायफलींना तेथे मुभा मिळाली आहे.

नेम धरायचा तो खांद्यामागे, छातीवर. तेथे हृदय आणि फुप्फुसे असतात. जनावर लवकर मरते आणि पोटाला धक्का लागत नाही. गोळी पोटात लागली तर जनावराचे हाल होतात, आणि मांसही नासते.

खरे काम हरीण पडल्यावर सुरू होते. मांसाचा पहिला शत्रू म्हणजे जनावराच्या अंगातली ऊब. म्हणून जागेवरच पोट फाडून आतडी काढतात. ‘कोथळा काढणे’ हा शब्दप्रयोग आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकलो. येथे तो शब्दशः घ्यायचा. सुरीचे पाते वर, कातड्याकडे ठेवायचे, म्हणजे जठर किंवा मूत्राशय फुटत नाही. छाती आणि पोट यांमधला पडदा कापून श्वासनलिका वरून तोडली की सगळे एकदम बाहेर येते. मग पोकळी उघडी ठेवून धड टांगायचे. तापमान चार अंशांच्या आसपास असेल तर काही दिवस टांगलेले मांस मऊ पडते. शरीर ताठ होऊन सैल पडण्याआधीच गोठवले, तर मात्र ते चामट होते. हवा उबदार असेल तर टांगण्याचा मोह सोडून तुकडे करून थंड करावेत, हे बरे.

चरबी बोकडाच्या चरबीसारखी चवीची नसते. ती थंड होताच टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून काढून टाकतात. गोळी लागलेल्या जागेभोवतीचे मांसही सढळ हाताने कापून फेकावे, कारण त्यात शिशाचे कण असतात. बंदुकीची गोळी रायफलीच्या गोळीपेक्षा कमी फुटते, एवढाच दिलासा.

अलीकडे आणखी एक काळजी आली आहे. हरणांचा मेंदू पोखरणारा, शिजवूनही न मरणारा एक रोग २००२ मध्ये इलिनॉयमध्ये आढळला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध नाही. तरी रोगाच्या टापूतील शिकारी मानेतील गाठी तपासणीला देतात, मेंदू व कणा यांवर सुरी चालवत नाहीत, आणि निकाल हाती येईपर्यंत मांसाच्या पुड्या नावनिशी शीतपेटीत ठेवून देतात.