रक्त कमी, लोह मात्र जास्त!

रक्त कमी झाले की लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, हे सूत्र आपल्याकडे घरोघरी पाठ झाले आहे. पालेभाज्या, खजूर, लोखंडी कढईत परतलेली भाजी हे घरगुती उपायही त्याच समजुतीतून आलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामागे लोहाची कमतरता हे मोठे कारण असल्याने हे सूत्र पुष्कळदा बरोबरही ठरते. परंतु रक्तक्षयाचे काही आनुवंशिक प्रकार असे आहेत की, त्यांत हिमोग्लोबिन कमी असते आणि लोह मात्र धोकादायक प्रमाणात साचलेले असते. एकाच लक्षणामागे अशी दोन परस्परविरुद्ध कारणे कशी असू शकतात, याचा उलगडा गेल्या पाव शतकातील संशोधनाने केला आहे.

काटकसरीचा संसार

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असते आणि त्याच्याच आधारे प्राणवायू शरीरभर पोहोचतो. नव्या तांबड्या पेशी घडविण्यासाठी अस्थिमज्जेला दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून मात्र रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच शोषले जाते. उरलेली गरज जुन्या पेशींतून भागते. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य संपलेल्या तांबड्या पेशी प्लीहा आणि यकृतातील भक्षक पेशी मोडीत काढतात आणि त्यांतील लोह पुन्हा वापरात आणतात.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. क्षार किंवा पाणी जास्त झाले तर मूत्रपिंड ते बाहेर टाकते. लोहाच्या बाबतीत तसे घडत नाही. त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीतून जे थोडेफार जाईल तेवढेच. मॅककान्स आणि विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी १९३७ मध्येच ही बाब दाखवून दिली होती. तेव्हा लोहाचे नियंत्रण होत असेल तर ते प्रवेशद्वारावरच, हे उघड झाले. पण त्या दारावर पहारा कोणाचा, हे कळायला आणखी सहा दशके जावी लागली.

यकृतातील पहारेकरी

हा पहारेकरी सापडला तो काहीसा योगायोगानेच. २००० च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीतील संशोधकांना रक्तात व मूत्रात जंतूंना मारक ठरणारे एक छोटे प्रथिन आढळले. ते यकृतात तयार होत असल्याने त्याला ‘हेपसिडिन’ असे नाव मिळाले. त्याचा लोहाशी काही संबंध असेल, अशी शंका तेव्हा फारशी कोणाला नव्हती. २००१ मध्ये पॅरिसमधील संशोधक साखरेच्या चयापचयाशी निगडित एका जनुकाचा अभ्यास करीत होते. ते जनुक निकामी केलेल्या उंदरांची यकृते लोहाने भरून गेल्याचे त्यांना दिसले. शोध घेतला असता या उंदरांमध्ये शेजारचे हेपसिडिनचे जनुकही बंद पडल्याचे स्पष्ट झाले.

आतड्याच्या आणि भक्षक पेशींच्या आवरणावर ‘फेरोपोर्टिन’ नावाचे एक दार असते. पेशीतील लोह रक्तात येते ते याच दारातून. हेपसिडिन या दाराला चिकटते आणि ते दारच पेशीच्या आत ओढले जाऊन नष्ट होते, असे २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील एलिझाबेटा नेमेथ व टॉमस गांझ यांच्या चमूने दाखवून दिले. शरीरात लोह पुरेसे असले की यकृत हेपसिडिन वाढविते आणि दारे बंद होतात. लोह कमी पडले की हेपसिडिन घटते आणि दारे उघडतात.

ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असेल तर काय होते, हे दोन टोकांच्या आजारांत दिसते. युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ‘हिमोक्रोमॅटोसिस’ या आनुवंशिक विकारात हेपसिडिन अपुरे पडते आणि लोह साचत जाते. याउलट, ‘टीएमपीआरएसएस ६’ या जनुकात दोष असेल तर हेपसिडिन सतत चढे राहते, असे २००८ मध्ये आढळून आले. अशा रुग्णाने कितीही गोळ्या घेतल्या तरी लोह रक्तात पोहोचतच नाही.

थॅलेसेमियात काय बिघडते?

थॅलेसेमियात मूळ दोष लोहाचा नसतो, तो हिमोग्लोबिनच्या साखळ्या घडविणाऱ्या जनुकाचा असतो. साखळ्यांचे प्रमाण बिघडल्याने तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरू लागतात. तूट भरून काढण्यासाठी मज्जा अपक्व पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करीत राहते. या अपक्व पेशी ‘एरिथ्रोफेरॉन’ नावाचे संप्रेरक सोडून यकृताला हेपसिडिन कमी करण्याचा संदेश देतात, हे २०१४ मध्ये उघडकीस आले. म्हणजे रक्त कमी आहे म्हणून शरीर लोह मागत राहते आणि आतडे ते शोषत राहते. प्रत्यक्षात लोहाची उणीव नसतेच. त्यामुळे एकदाही रक्त न चढविलेल्या सौम्य रुग्णाच्या यकृतातही वयपरत्वे लोह साचू शकते.

तीव्र थॅलेसेमिया असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तरी वर्षाकाठी सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे निरोगी प्रौढाच्या शरीरातील एकूण लोहापेक्षाही जास्त. हे लोह यकृत, अंतःस्रावी ग्रंथी आणि हृदयाच्या स्नायूंत जाऊन बसते. परिणामी वाढ खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह जडतो. वेळीच उपचार न झाल्यास हृदय निकामी होते. जगण्यासाठी रक्त हवे आणि त्याच रक्तातून येणारे लोह जिवावर उठणारे, अशा पेचात ही मुले वाढत असतात. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांनाही हाच धोका संभवतो. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे.

लोह बाहेर काढण्याची धडपड

शरीराला जे जमत नाही ते औषधांकडून करवून घेतले जाते. १९६० च्या दशकात आलेले डेफेरॉक्सामाइन हे औषध लोहाला पकडून लघवी व शौचावाटे बाहेर नेते. मात्र ते आठवड्यातून किमान पाच रात्री, छोट्या पंपाने त्वचेखाली ८ ते १२ तास द्यावे लागते. सुई, खर्च आणि कंटाळा यांमुळे अनेक कुटुंबांना ते निभावता येत नसे. तोंडाने घेता येणारे डेफेरिप्रोन भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यास उपलब्ध झाले. ते बाजारात आणणारी सिप्ला ही कंपनी मुंबईचीच. युरोपात या औषधाला १९९९ मध्ये, तर अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. डेफेरासिरॉक्स या दुसऱ्या तोंडी औषधाला अमेरिकेने २००५ मध्ये परवानगी दिली. या दोन्ही औषधांना ठरावीक काळाने रक्ततपासणीची जोड आवश्यक असते. डेफेरिप्रोनमुळे पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात आणि डेफेरासिरॉक्सचा मूत्रपिंड व यकृतावर परिणाम होऊ शकतो.

हृदयात किती लोह आहे, हे रक्तातील फेरिटिनवरून नेमके कळत नाही. लंडनमधील डॉक्टरांनी २००१ मध्ये त्यासाठी एमआरआयची ‘टी-टू-स्टार’ पद्धत पुढे आणली. लक्षणे दिसण्यापूर्वीच धोका ओळखता येऊ लागल्याने ब्रिटनमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू पुढील काळात लक्षणीय घटले.

आजार मुळातून बरा करणाऱ्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे यशही बऱ्याच अंशी लोहावर अवलंबून असते. लोहामुळे यकृत खराब झालेल्या मुलांमध्ये प्रत्यारोपणाची जोखीम वाढते, हे इटलीतील पेसारो येथील अनुभवातून दिसून आले. अमेरिकेने २०१९ मध्ये लस्पॅटरसेप्ट या रक्ताची गरज कमी करणाऱ्या औषधाला, तर २०२२ मध्ये थॅलेसेमियावरील पहिल्या जनुकोपचाराला मान्यता दिली. या जनुकोपचाराची तेथील किंमत २८ लाख डॉलर ठरविण्यात आली. त्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांसाठी नियमित रक्त, लोह काढणारी औषधे आणि प्रतिबंध हाच मार्ग आहे.

एक तपासणी, दोन प्रश्न

प्रतिबंधाची सुरुवात साध्या तपासणीने होते. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत आणि सिंधी, पंजाबी, गुजराती, लोहाणा आदी समाजांत हे प्रमाण अधिक आहे. वाहक स्वतः आजारी नसतो. मात्र त्याच्या तांबड्या पेशी लहान आणि हिमोग्लोबिन किंचित कमी असते. लोहाच्या कमतरतेतही अहवाल असाच दिसत असल्याने अनेक वाहक वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहतात आणि खरे कारण झाकलेलेच राहते.

यावर उपाय म्हणजे दोन प्रश्न वेगवेगळे विचारणे. शरीरात लोह किती साठले आहे, हे फेरिटिनच्या तपासणीतून कळते. हिमोग्लोबिनच्या रचनेत दोष आहे का, हे ‘एचबी ए-टू’ या तपासणीतून समजते. वाहकामध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे ३.५ टक्क्यांहून अधिक असते. वाहकालाही लोहाची खरी कमतरता असू शकते आणि तशा वेळी ‘एचबी ए-टू’ खोटेच कमी दिसू शकते. म्हणूनच अहवालाचा अर्थ स्वतः न लावता डॉक्टरांकडूनच समजून घेणे आणि गर्भवतींनी मनानेच गोळ्या बंद न करणे महत्त्वाचे.

पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाचीही तपासणी करता येते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही केंद्रीय संस्था या विकारांवर दीर्घकाळ संशोधन करीत आहे. सायप्रसने १९७० च्या दशकापासून तपासणीचा आग्रह धरून अशा बालकांचे जन्म जवळपास थांबविले. आपल्याकडे लग्न ठरताना पत्रिका आवर्जून पाहिली जाते. तिच्यासोबत ‘एचबी ए-टू’चा अहवालही पाहण्याची पद्धत रुजली, तर जन्मभर रक्ताच्या पिशव्यांवर अवलंबून राहण्याची वेळ कितीतरी मुलांवर येणार नाही.